पुढचा डोस

नर्सने केमोची लाल पिशवी स्टँडला अडकवली, तेवढ्यात डॉक्टर आईच्या हृदयाचा रिपोर्ट घेऊन आले. "गाठ विरतेय," ते मुलीला म्हणाले, "पण या औषधाने शरीरात फ्री रॅडिकल्स नावाचे घातक कण वाढतात. त्यांच्या माऱ्याने हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मरतायत, आणि मेलेल्या भरून येत नाहीत. थांबलो तर गाठ वाढू शकते. तुम्ही ठरवा." आजवर सगळं मुलीनेच ठरवलं होतं. जिन्यात धापा टाकणाऱ्या आईला ती दर वेळी म्हणायची, "थोडंच राहिलंय." आज तिला ते म्हणवेना. ती खुर्ची ओढून आईजवळ बसली. "आई, तूच सांग. तुला काय वाटतं?" आईने डोळे मिटले. "मी हे तुझ्यासाठी घेत होते गं," ती म्हणाली. "आता नको." तिने मुलीचा हात हातात घेतला. "तूही दमलीयस. चल, घरी जाऊ."