करुणाला सांगायचं नाही

इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळात खांबाच्या सावलीला उभं राहून निशानं फोन घेतला, तेव्हा करुणा आणि अमृता शेजारच्या खांबाला कवेत घ्यायला बघत होत्या. दोघींचे हात निम्म्यालाही पुरेनात. अमृता म्हणत होती, पाहुणे आले की त्यांना वेरूळ दाखवण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता जरा आपण पाहुणे होऊ.

फोन अतुलदादाचा होता, निशाच्या थोरल्या भावाचा.

"निशा, नीट ऐक. करुणाचे वडील गेले. सकाळी, झोपेतच. तिच्या भावाचा मला फोन आला होता. तिला वाटेत काही सांगू नको. फक्त घेऊन ये. तुम्ही आल्याशिवाय उचलणार नाहीत."

निशा बरं म्हणाली. तिचा मुलगा सम्यक काय करतोय विचारलं, तर शेजारच्या द्वारकाबाईंकडं खेळतोय, दादा म्हणाला. आईला फोन दे म्हणाली, तर आई कधीच गंगापूरला निघाली म्हणाला, करुणाच्या घरी. आईचं तसंच होतं. कुणाकडं काही झालं की पहिली हजर.

आपल्याकडं वाटेतल्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. सिरीयस आहे म्हणतात, नाहीतर दुसरंच काही निमित्त काढतात. माणूस घरी पोचेपर्यंत चालता राहिला पाहिजे. निशाचे वडील गेले तेव्हा तिलाही हॉस्टेलवरून असंच आणलं होतं, आजी पडली म्हणून. बस स्टँडपासून घरापर्यंत ती आजीच्या पायाचंच विचारत होती.

आता तिची पाळी होती.

"सम्यकला ताप आहे," तिनं दोघींना सांगितलं. "उतरत नाय म्हणे. मला निघावं लागेल."

हे बोलताना तिला सम्यकची माफी मागावीशी वाटली. दोन वर्षांचं पोर. त्याला सोडून ती पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती, तेही आईनं ढकललं म्हणून. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात पिरॅमिड बघितल्यापासून तिघींचं ठरलेलं. आई म्हणाली होती, जा, तुझं पोरगं मला जड नाय.

करुणा तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एकटी कशाला? तिघीही जाऊ."

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. निशाला हायसं वाटलं.

हॉटेलवर करुणा आंघोळीला गेली तेव्हा निशानं अमृताला खरं सांगितलं. दिवसभर बडबडणारी अमृता पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "करुणाला मी बघते. तू फक्त जेवत जा."

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. खोलीत बसून राहिलं तर करुणाला शंका येईल, म्हणून सकाळी निशाच म्हणाली, राजांची थडगी बघून घेऊ. उतरत्या बोगद्यातून खाली गेल्या. छत निळं, त्यावर पिवळ्या चांदण्या. गाईड सांगत होता, राजा गादीवर बसला की लगेच स्वतःचं थडगं खोदायला घ्यायचा. निशाला शब्द ऐकू येत होते, आत काही जात नव्हतं. घरून निघताना करुणाचे वडील, धोंडिबाकाका, विमानतळावर सोडायला आले होते. तिघींनाही सारखाच चिवडा दिला होता, पुडीला दोरा बांधून. ते आता नाहीत, हे तिला कळत होतं आणि रडू येत नव्हतं. न येणंच बरं होतं.

भीती एकाच गोष्टीची होती, करुणाच्या फोनची. तो उजळला की निशाचा जीव गोळा व्हायचा. पण करुणानं फोन पर्समध्ये टाकला तो टाकलाच. तिनं वडिलांनाही फोन लावला नाही. उलट निशालाच जपत होती. ताटात वाढत होती, शाल पांघरत होती. निशाला वाटायचं, ही माया हिला मिळायला पाहिजे, आणि ही मला देतीय.

कैरोच्या विमानतळावर अमृता पाणी आणायला गेली. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"निशे," करुणा समोरच्या काचेकडं बघत म्हणाली, "माणसाला खरं सांगायचं नाही, हे बरोबर असतं का गं?"

हिला कळलंय, निशाला वाटलं. पण तिनं स्वतःला सावरलं.

"घरी पोचेपर्यंत तरी असतं," ती म्हणाली.

करुणानं मान हलवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मुंबईपर्यंत तिनं दोनदा निशाची शाल नीट केली.

चिकलठाण्याच्या विमानतळावर अतुलदादा गाडी घेऊन आला होता. दाढी वाढलेली. त्यानं निशाच्या नजरेला नजर दिली नाही. करुणासमोर तो तरी काय बोलणार? अमृता पुढं बसली, या दोघी मागं. छावणी ओलांडली तशी निशानं करुणाचा हात हातात घेतला. आता गंगापूरपर्यंत सोडायचा नाही, असं तिनं ठरवलं. उतरताना करुणाला काय सांगायचं, तेवढंच ती जुळवत होती.

बजाजनगरला गाडी मोठा रस्ता सोडून आत वळली, निशाच्या माहेरच्या गल्लीत. सम्यकला सोबत घ्यायचं असेल, तिला वाटलं. दादाला सुचलं ते बरं झालं.

गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. द्वारकाबाईंच्या कडेवर सम्यक होता. गाडी आईच्या दारासमोर थांबली. करुणानं दोन्ही हातांनी निशाचा हात घट्ट धरला.

पुढच्या खुर्चीवरून एक म्हातारा उठला, गाडीपाशी आला आणि त्यानं निशाच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर, बाळा," धोंडिबाकाका म्हणाले.