बारा आणि तेराच्या मधली सावली

केरबाची साठ मेंढरं दुपारी उड्डाणपुलाखाली सावलीला आली, ती बारा आणि तेरा नंबरच्या खांबांमधे काही केल्या बसेनात. अकरा-बाराच्या मधे एकमेकांच्या अंगावर पडून बसली. तेरा-चौदाच्या मधेही तशीच. मधली ऐसपैस सावली रिकामी. तिथं फक्त लोखंडी टेकू उभे होते आणि टेकूंवर फळ्या. उद्या सकाळी सातला त्या फळ्यांवर काँक्रीट ओतायचं होतं. वर अठ्ठावीस माणसं चढणार होती. त्यासाठी आज एक सही लागत होती, योगिनीची.

योगिनी करमाडजवळच्या या कामावर सुरक्षा अधिकारी होती. तिच्या काखेत धोक्यांचं रजिस्टर होतं. त्यात चाळीस धोके, आणि चाळीसही हिरवे, म्हणजे आटोक्यात. भूकंप, हिरवा; उपाय : सूचना फलक लावला. वीज कोसळणे, हिरवा. उपाय : संबंधितांना तोंडी समज दिली. तीन महिन्यांत योगिनीला हिरव्या रंगाचाच संशय यायला लागला होता. घरी ती पालकसुद्धा उलटसुलट करून बघायची.

"केरबामामा, ती तिथं का बसत नाहीत?"

"ओलीत मेंढरू बसत नाय, ताई. खूर सडतेत."

योगिनीनं वाकून माती चाचपली. कोरडी ठणठणीत होती. केरबानं काठी खुपसली. काठी वीतभर सहज आत गेली आणि काळं ओलं टोक घेऊन वर आली.

"हितं इहीर व्हती," केरबा म्हणाला. "बुजवली."

"कशानं?"

"घावंल त्यानं. कडबा, गाद्या. एक मोटारसायकल बी हाय."

योगिनीनं टेकूंकडे बघितलं. ते गादीवर उभे होते.

तेवढ्यात प्रकल्प व्यवस्थापक राजेंद्र सर आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मॅडम, म्हणाले, इथली माती तपासलेली आहे. रिपोर्ट आहे माझ्याकडं, रंगीत.

"ते माती तपासायचं मशीन त्या लिंबाखाली लावलं व्हतं, सायब," केरबा म्हणाला. "ऊन लई व्हतं."

लिंब तिथून चांगला दीडशे पावलांवर होता. राजेंद्र सरांनी लिंबाकडे बघितलं नाही. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : धोका क्रमांक एकेचाळीस. मेंढ्या न बसल्यामुळे कामगारांत गैरसमज. उपाय : मेंढ्या बसवणे.

"बसवा," ते केरबाला म्हणाले.

केरबानं एक मेंढी उचलून टेकूंच्या मधे ठेवली. ती उठून गेली. त्यानं दुसरी ठेवली. तीही गेली, जाताना पहिलीपेक्षा जरा जोरात. तिसरीनं जमिनीला पायच लावले नाहीत.

"एक बसली तरी चालेल," राजेंद्र सर मोबाईल काढत म्हणाले. "फोटोपुरती."

"त्यांना फोटोचं कळत नाय, सायब."

"मग हिरवा करून टाका, मॅडम. प्रयत्न केला, हे महत्त्वाचं."

योगिनीनं रजिस्टर परत घेतलं. "सर, धोक्याच्या मालकाचा रकाना रिकामा आहे."

"केरबाचं टाका. मेंढ्या त्याच्या."

"मेंढ्यांच्या धोक्याला त्यांचं टाकते. पण जमिनीचा बेचाळिसावा धोका होईल. तो कुणाचा?"

राजेंद्र सर पुन्हा मोबाईल बघायला लागले. योगिनीनं रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. तिथं त्यांच्याच सहीखाली नियम होता : धोक्याचा मालक काम चालू असताना त्या जागी हजर राहील. तिनं तो मोठ्यानं वाचला, मग बेचाळीसच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. मग साइट ऑफिसातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि टेकूंच्या मधोमध ठेवली.

"उद्या सात ते चार," ती म्हणाली. "आत्ता जरा बसून बघा, सर. फोटोपुरतं."

राजेंद्र सरांनी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीचा एक पाय हळूहळू मातीत चालला होता. अजून तिच्यावर कोणी बसलंही नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "मी जरा ऊन घेतो."

मे महिना होता. ते उन्हात चार मिनिटं उभे राहिले. योगिनी सहीची जागा रिकामी ठेवून बघत राहिली. शेवटी त्यांनी काँक्रीटच्या प्लँटला फोन लावला.

"उद्याच्या गाड्या पाठवू नका. नाही, पाऊस नाही. मेंढ्या आहेत. मेंढ्या, मेंढ्या. लिहून घ्या तसंच."

योगिनीनं लाल पेन काढलं. ते कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळं उठेना. तिनं ते तळहातावर गिरवून गिरवून चालू केलं.

राजेंद्र सरांचा शर्ट तोवर पाठीला चिकटला होता. ते अकरा-बाराच्या मधल्या सावलीकडे गेले आणि कडेला अवघडून उभे राहिले.

एक मेंढी जरा सरकली.