बांधाचा साक्षीदार

वडिलांना, म्हणजे आबांना, मुंबईजवळच्या गोल्फ मैदानावर पहिल्यांदाच नेलं होतं. माझा चेंडू झाडामागं अडकला. चेंडू पडेल तिथूनच मारायचा असतो, पण सोबत खेळणारे ऑफिसातले साहेब लांब आहेत बघून मी तो बुटानं वीतभर मोकळ्यात सरकवला. मान वर केली, तर समोर आबा.

साहेब जवळ आले. त्यांना संशय आला. “काका, चेंडू इथंच होता?”

आमच्या वडूजला बांधाचं भांडण लागलं की दोन्हीकडची माणसं आबांनाच बोलावतात. ते बोट दाखवतील तिथं हद्दीचा दगड बसतो.

“व्हय. हितंच हुता,” आबा माझ्याकडं न बघता म्हणाले.

गाडीत बसल्यावर ते एवढंच बोलले, “परवा शिंद्यांच्या बांधावर बोलावलंय मला. फोन करून सांग त्यास्नी, दुसरा मानूस बघा.”