अर्धा ठोका

"झकास! हाच ठेवू," फोल्कर माइकवरून म्हणाला. काचेपलीकडे ड्रमवर बसलेल्या हार्टमुटने अंगठा वर केला.

गुद्रुनने लाल दिवा बंद केला. स्टुडिओ तिचा, रेकॉर्डिंगही तिच्याच हातात. दिवा तेवढा लागला होता, रेकॉर्डिंग काही झालं नव्हतं. दोन महिने हेच नाटक चाललं होतं.

हार्टमुट घामाने निथळत बाहेर आला. वय एकसष्ट. बावीस वर्षं खाणीत दगड फोडायचं यंत्र धरून त्याच्या हातांची पार वाट लागली होती. कॉफीचा कप तो अर्धाच भरायचा.

"खरंच आवडलं ना?" त्याने फोल्करला विचारलं.

"अरे, भिंती हलल्या!"

"त्या हलणारच. कोळसा धुवायच्या जुन्या, बंद कारखान्यात स्टुडिओ थाटलाय तुम्ही." हार्टमुट हसला. "पण इथे येऊन बडवलं की बरं वाटतं बघ."

फोल्कर उगाच एक केबल गुंडाळू लागला.

बरोबर चारला हार्टमुटने कोट चढवला. जवळच्या हेर्ने शहरात ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला होता, तो चुकवून चालत नसे.

"या वयात शाळा? मास्तर छडी मारतात का रे?" फोल्करने चिडवलं.

"बायको म्हणते, रेल्वेचं तिकीट तरी काढायला शीक. तू बोल तिच्याशी, हिंमत असेल तर."

दार लागलं. गुद्रुन फोल्करकडे वळली. "सांगून टाक ना त्याला."

"कोणत्या तोंडाने सांगू?"

तोंड नव्हतंच. पस्तीस वर्षांपूर्वी भंगारातली तेलाची पिंपं बडवत दोघांनी आपला बँड काढला होता. फोल्करचं घर मोडलं तेव्हा हार्टमुटने त्याला वर्षभर स्वतःकडे ठेवून घेतलं, जेवू घातलं, आणि वर त्याचं रडगाणंही ऐकलं. आता अकरा वर्षांनी अल्बम निघत होता. त्यांचं संगीत कारखान्याच्या यंत्रासारखं, त्यात ठोका केसभर हलला तरी गाणं बसत नाही. हार्टमुटचा प्रत्येक ठोका हलत होता.

शेवटी कॉम्प्युटरवर ड्रम रचून देणारा एक माणूस गुद्रुननेच शोधला. त्याची अट एकच होती, नाव विचारायचं नाही. दर शुक्रवारी तिच्याकडे एकेक गाणं यायचं. पहिलं ऐकलं तेव्हा फोल्करच्या अंगावर काटा आला. ऐन उमेदीतला हार्टमुटच जणू! आपले जुने अल्बम ऐकले असतील पठ्ठ्याने, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग त्याला जास्तच अपराधी वाटलं. मित्राचे हात तर गेलेच होते, आता आपण त्याची वाजवायची ढबही दुसऱ्याला देऊन बसलो.

पाचव्या गाण्यात मात्र त्या माणसाने ध्रुवपदाआधी अर्धा ठोका रिकामा सोडला होता. फोल्करने तो भरून टाकला.

"राहू दे ना. मुद्दाम सोडला असेल," गुद्रुन म्हणाली.

"त्याला काय कळतंय आमच्या गाण्यातलं?"

अल्बम पुरा झाला. शनिवारी सकाळी हार्टमुट ऐकायला आला. येताना सगळ्यांसाठी खिमा-कांद्याचे पाव घेऊन आला. हेडफोन लावून, डोळे मिटून तो ऐकत राहिला. फोल्करने आपला पाव तसाच ठेवून दिला.

पाचवं गाणं संपलं तसे हार्टमुटने हेडफोन काढले.

"हे मी वाजवलेलं नाही."

फोल्करचा बांध फुटला. "नाही. तुझं काहीच घेतलं नाही. तो दिवा नुसताच लावायचो. दुसऱ्याकडून करून घेतलं सगळं. तुला रोज घाम गाळायला लावला आणि रोज तोंडावर खोटं बोललो. मी नालायक आहे, हार्टमुट."

"ते मला पस्तीस वर्षांपासून माहीत आहे." हार्टमुटने कॉफीचा अर्धा कप दोन्ही हातांनी धरला. "कसा आहे तो माणूस?"

"तुझ्यासारखा," फोल्कर कसाबसा म्हणाला. "तू होतास तसा."

गुद्रुन खाली मान घालून पावातला कांदा वेचत होती.

"पाचव्या गाण्यातला अर्धा ठोका कोणी भरला?"

"मी. मला वाटलं, चुकलाय तो."

"परत रिकामा कर," हार्टमुट म्हणाला. "हा हात माउसवरसुद्धा थरथरतो रे. तेवढी जागा नेमकी सोडायला मला तीन दिवस लागले होते."