बंद पडणारं घड्याळ

बाबांचं घड्याळ पुन्हा बंद पडलं, म्हणून शनिवारी दुपारी मीनाक्षी त्यांना गाडीत बसवून मॉलमध्ये घेऊन आली.

निघताना तिचा नवरा अंकुर सोफ्यावर पेंगत होता, पोटावर पेजर ठेवून. "एक सेल धड टाकता येत नाही त्या घड्याळवाल्याला," तो डोळे न उघडताच म्हणाला. "दर शनिवारी काय यार! ही शेवटची ट्रिप. मी बाबांना नवीन वॉच आणतो, दहा वर्षं बघायला नको."

अंकुर मनाने वाईट नव्हता. बिघडलेलं काही दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, एवढंच.

बाबा, म्हणजे मीनाक्षीचे सासरे एकनाथराव, सासूबाई गेल्यावर अमेरिकेत सनीव्हेलला त्यांच्याकडे राहायला आले होते. दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीशी बसायचे. समोरून गाड्या जायच्या, चालणारा माणूस औषधालाही नसायचा. विचारलं तर ‘हो’, वाढलं तर ‘पुरे’. मीनाक्षीला वाटायचं, एक दिवस हे दोन शब्दही संपतील, आणि मग काय करायचं? या विचाराने तिची झोप उडायची.

मॉलच्या काचेच्या छतातून दुधट उजेड खाली येत होता. सरकता जिना रिकामाच वर चालला होता. माणसं पाण्यातून चालल्यासारखी सावकाश चालत होती, आणि त्यांचे आवाज फार लांबून आल्यासारखे वाटत होते. मधोमध घड्याळवाल्याचा स्टॉल होता. घड्याळवाला व्हिएतनामी, वयाने बाबांएवढाच. ना त्याला धड इंग्रजी येत होतं, ना बाबांना.

मीनाक्षी एरवी बाबांना तिथे सोडून दूध-भाजी आणायला जायची. आज पाय दुखत होते, म्हणून ती कारंज्याजवळच्या बाकावर टेकली. बाबांची तिच्याकडे पाठ होती.

घड्याळवाल्याने घड्याळ उघडलंच नाही. त्याच्या कडेची, वेळ लावायची चावी बाहेर ओढलेली होती, ती त्याने अंगठ्याने आत दाबली. घड्याळ कानाशी धरलं, मान हलवली आणि ते बाजूला ठेवून दिलं. मग काउंटरखालून दुसरं स्टूल काढलं आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला.

मीनाक्षीला आधी हसू आलं. चावी काही आपोआप बाहेर येत नसते. म्हणजे रोज देवासमोर डोळे मिटून बसणारे साधेसुधे बाबा शुक्रवारी रात्री गुपचूप हे उद्योग करत होते तर!

आणि बाबा बोलू लागले. चक्क मराठीत, आणि मोकळ्या आवाजात.

"कृष्णेला पाणी आलेलं. पूल बंद. नवी नवरी माझी, चपला हातात घेऊन काठाला उभी. मी म्हटलं, मागं फिरू. तर म्हणते कशी, मागं कशाला, नाव आहे की!"

घड्याळवाला बरोबर जागेवर हसला. मग तो त्याच्या भाषेत सांगू लागला, कितीतरी वेळ. बोलता बोलता त्याचा तळहात हवेत लाटांवर डुलल्यासारखा डुलत होता. एकदम तो थांबला आणि तसाच राहिला.

"अरेरे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कुणाला काय कळलं, देव जाणे. स्टॉलवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती आणि दोघं म्हातारे मधोमध चहा पीत होते. मीनाक्षीचे डोळे भरून आले. सासूबाईंची ही गोष्ट तिने कधीच ऐकली नव्हती. घरात मराठी समजणारी दोन माणसं असताना बाबांनी ती परक्याला सांगावी, याचं तिला वाईट वाटलं. आणि सांगायला कुणीतरी आहे, याचं बरंही वाटलं.

अंकुरने शब्द पाळला. त्याच आठवड्यात नवं घड्याळ आलं, चकचकीत, काट्यांचं. जुनं ड्रॉवरमध्ये गेलं. बाबा ‘छान आहे’ म्हणाले, घड्याळ मनगटाला बांधलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

नवं घड्याळ मेलं फार इमानी निघालं. एका सेकंदाचीही चूक नाही. बाबा आता ‘पुरे’सुद्धा म्हणेनात, नुसता हात आडवा धरायचे.

शनिवारी दुपारी ते आंघोळीला गेले तेव्हा घड्याळ बाथरूमबाहेरच्या बेसिनच्या कडेला काढून ठेवलेलं होतं. मीनाक्षीने ते उचललं. सेकंदकाटा अगदी मन लावून फिरत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चावीला नख लावलं. नवी चावी, घट्ट बसलेली. दुसऱ्या झटक्यात ती बाहेर आली आणि काटा जागच्या जागी थांबला.

बाबा केस पुसत बाहेर आले.

"बाबा," ती म्हणाली, "हेही बंद पडलं की हो."

अंकुर सोफ्यावरून उठून बसला. "व्हॉट? अरे, ब्रँड न्यू आहे ते! इकडे दे बघू."

पण बाबांनी ते आधीच तिच्या हातातून घेतलं होतं. त्यांचा अंगठा तबकडीच्या कडेवरून फिरत चावीपाशी आला आणि थांबला. त्यांनी मीनाक्षीकडे पाहिलं. मग घड्याळ मुठीत झाकून घेतलं.

"या देशातल्या घड्याळांचं काही खरं नाही बघ," ते म्हणाले, आणि बूट शोधू लागले.