चाटूनपुसून

मुलीला घेऊन खारघरला धाकट्या बहिणीकडे जेवायला गेलेल्या संघर्षने भाच्याला वाटीतल्या डाळीशी खेळताना पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

“प्रिया, फार लाडावून ठेवलंयस याला. माझ्या पोरीला बघ. मी नुसते डोळे वटारले की ताट चाटूनपुसून साफ!”

“दादा, तो त्याच्या भुकेने खातो,” बहीण म्हणाली.

“भूक कसली? नुसती थेरं आहेत. दोन फटके दे, सुधारेल,” असं सगळ्यांसमोर सुनावून तो जेवायला बसण्याआधी हात धुवायला गेला.

नळ बंद करताना त्याला बहिणीचा आवाज ऐकू आला. “बाळा, घास चावून तरी खा. एवढी कसली घाई?”

तोंडात भात कोंबलेली त्याची सहा वर्षांची मुलगी कुजबुजली,



“आत्या, पप्पा शेजारी येऊन बसायच्या आत मला उठायचंय.”