सुपरमार्केटचं तेल

"सांगत होतो ना मी!" टॅक्सीतून उतरता उतरताच दत्तप्रसाद ओरडला. "पासष्ट दिरहमचा कॅन! पंधराशे रुपयांचं स्वस्तातलं तेल इंजिनात घालून कुणी गाडी चालवतं का?"

अल क्वोजच्या त्या गॅरेजात पाच-सहा माणसं हातातलं काम थांबवून बघू लागली. मुग्धाचे कान तापले. दोन तासांपूर्वी, एकशे दहाच्या वेगात, शेख झायेद रोडवर गाडी खडखडली आणि एकदम बंद पडली होती. मागून आलेली बस भोंगा वाजवत हातभर अंतरावरून गेली. जीव मुठीत धरून तिने गाडी कशीबशी कडेला घेतली आणि दहा वर्षांच्या आभाला कठड्यापलीकडे भर उन्हात उभं केलं. टो करणारी गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. आभाची बुद्धिबळाची स्पर्धा तर राहिलीच. हे सगळं तिने फोनवर सांगितलं होतं. आणि खलिफा सिटीतल्या घरून आलेला नवरा उतरल्या उतरल्या तेलाबद्दल बोलत होता!

"आधी पोरीकडे बघ," ती म्हणाली.

"बघतो. पण आधी कबूल कर."

गेले दीड महिने हेच चाललं होतं. मुग्धा क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट होती. वेष्टनावरचं नाव नाही, आत काय आहे ते वाचायचं, ही तिची रोजची सवय. सुपरमार्केटने स्वतःच्या नावाने विकायला ठेवलेलं तेल तिने तसंच वाचून घेतलं होतं. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड सांगितला होता, तोच कॅनवर होता. जवळच्या वर्कशॉपमधून तिने ते घालून घेतलं. तेव्हापासून गाडीने जरा आवाज केला, एसी जरा कमी पडला, की दत्तप्रसाद म्हणायचा, "तुझं तेल!" मित्रांसमोर म्हणायचा, पुण्याला आईशी फोनवर बोलतानाही म्हणायचा. कंपनीत शंभर माणसांवरचा मॅनेजर, त्याला न विचारता बायकोने परस्पर ठरवलं, हे त्याला गिळवत नव्हतं.

गॅरेजची सुपरवायझर उझमा हात पुसत बाहेर आली. कराचीची, चाळिशीची, कमी बोलणारी बाई.

"इंजिन गया, मॅडम," ती म्हणाली. "अंदर तेल ही नहीं है."

"बघा! जळून गेलं!" दत्तप्रसाद म्हणाला.

"जला नहीं, सर. गिर गया." उझमाने काळी रबरी रिंग पुढे धरली. तेल बदलताना जुन्या फिल्टरची ही रिंग तशीच चिकटून राहिली होती आणि वर्कशॉपवाल्यांनी तिच्यावरच नवा फिल्टर बसवला होता. तिथून तेल झिरपत होतं. "तेल में कोई खराबी नहीं. सही ग्रेड है. महंगा वाला डालते, तो वो भी गिर जाता."

मुग्धाच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, आता इथेच, ह्या सगळ्यांसमोर, त्यालाही एकदा "कबूल कर" म्हणावं. पण तेवढ्यात उझमाने विचारलं, "तेल वाली लाल बत्ती कब से जल रही थी?"

"आजच. जबेल अलीच्या पुढे," मुग्धा मराठीतच बोलून गेली, मग सावरली. "आज ही. मैं लेन बदल रही थी, तब तक इंजिन बंद."

उझमाने मान हलवली. "पहले दो-तीन दिन तो ब्लिंक किया होगा."

"होगा क्या, कर रहा था!" दत्तप्रसाद तावातावाने पुढे आला. "बुधवार से कर रहा था! ऐसा सस्ता तेल डालोगे तो करेगा ही!"

दूर कुठेतरी एक पाना जमिनीवर पडला.

आठवडाभर गाडी त्याच्याकडेच असायची. आज शनिवार. सकाळी किल्ली त्यानेच मुग्धाच्या हातात दिली होती.

"बुधवारपासून?" तिने विचारलं. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला एकदा कळायला हवं होतं ना."

"काय कळायला हवं होतं, दत्ता?"

तो गडबडला. आवाज खाली आला. "अगं, नुसता लुकलुकत होता दिवा. मला वाटलं, फार तर पार्किंगमध्येच बंद पडेल, मग तूच म्हणशील की चुकलं माझं. धोका आहे असं वाटलं असतं, तर आभाला बसवलं असतं का मी त्या गाडीत? पोटची पोर आहे माझी!"

त्याचे डोळे खरोखरच भरले होते. मुग्धाने ते पाहिले. हट्टी आहे, मूर्ख आहे, पण एवढा वाईट नाही, असं तिला वाटून गेलं. बारा वर्षांच्या संसारात प्रत्येक वेळी वाटायचं, तसंच. ती पुढे काही बोलणार होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाण्याची बाटली धरून बसलेली आभा तेव्हा पहिल्यांदा बोलली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, आठवलं ते सांगावं तशी बोलली.

"बट बाबा, टुडे यू चेक्ड माय सीटबेल्ट ट्वाइस. यू नेव्हर डू दॅट."

दत्तप्रसादने खाली बघितलं.

मुग्धाने लेकीचा हात धरून तिला उठवलं आणि उझमाकडे वळली.

"एक टॅक्सी बुला दीजिए," ती म्हणाली. "हम दो हैं."